सहा काने

“लिहून द्या,” कंपाउंडर म्हणाला. “आधी कागद, मग पेशंट.”

समोरच्या बाकड्यावर माझी धाकटी जाऊ अयोध्या पाय पोटाशी घेऊन पडली होती. तिच्याखाली मी घरून आणलेलं जुनं लुगडं चौघडी करून अंथरलं होतं. वरच्या दोन घड्या भिजल्या होत्या, तिसरी भिजत होती.

“काय लिहून देऊ?”

“काय झालं, कुठं झालं, कसं झालं. खाली नाव, नातं, सही. पोटुशी बाई रक्त जातंय म्हणून आली की आधी घरच्यांचं लेखी घ्यायचं, मग डॉक्टर हात लावणार. आमच्या दवाखान्याचा नियमच आहे आता. दिवस कसले आलेत, बघताय ना?”

“अहो, ती तिकडं पांढरी पडत चाललीय.”

“मग लवकर लिहा.”

बारा वर्षं झाली या गोष्टीला. दिवस कसले आले होते ते आमच्या भागात तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मशीनवर मुलगी दिसली की पोट पाडून देणाऱ्या डॉक्टरांची धरपकड सुरू होती. ती झाली ते बरंच झालं. मी स्वतः चार बहिणींतली तिसरी, माझं मत वेगळं कसं असेल? पण धरले गेले ते वाईट डॉक्टर आणि धाक बसला तो चांगल्यांना. तालुक्यातली सोनोग्राफीची दोन मशिनं लाख लावून बंद केलेली. मेडिकलवाल्यांनी पोट पाडायच्या गोळ्या ठेवणंच सोडलेलं. बाईचं रक्त जातंय म्हटलं की दवाखान्यात आधी तिच्या तोंडाकडं बघायचे आणि मग नाडीकडं.

त्या सकाळी मात्र यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की अयोध्या नळावर हंडा भरता भरता खाली बसली, आणि मी तिला उठवलं तेव्हा हंड्याभोवतीचं पाणी लाल होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले होते तिला. दुसरी मुलगी अजून अंगावर पीत होती, आठ-नऊ महिन्यांची, तीही पोट फाडून झालेली. अयोध्येचा नवरा, म्हणजे माझा दीर बंकट, टमटम चालवायचा. म्हणून निदान गाडी तरी दारात होती.

खरं सांगते, त्या घाबरलेल्या जिवातही कागद म्हटल्यावर मला थोडं बरं वाटलं. आमच्या घरात लिहिणारी मी होते. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं शिक्षण डब्यांच्या तळाशी झालं. सासरी फडताळात डब्यांखाली पेपर अंथरायची पद्धत होती. डबे काढले की मी आधी खालचा पेपर वाचायची, मग डबा पुसायची. सासूबाई म्हणायच्या, “त्रिवेणीला एक डबा पुसायला जेवणवेळ होते.” खताच्या गोण्या, एसटीच्या पाट्या, भिंतीवरच्या साबणाच्या जाहिराती, दिसेल ते वाचत गेले आणि बघून बघून लिहायलाही शिकले. गावच्या बचत गटात ठराव लिहायचं काम आपसूक माझ्याकडं आलं.

एकच खोड होती. माझे काने सुटायचे. ‘पाणी’ लिहायला जावं आणि ‘पणी’ व्हावं. गट तपासायला येणाऱ्या मॅडम सगळ्या बायांसमोर वही वर धरायच्या. “त्रिवेणीबाई, तुमचे काने शेळीनं खाल्ले का हो?” बाया हसायच्या. मीही हसायची, आणि घरी येऊन चुलीच्या धुराचं निमित्त करून रडून घ्यायची.

म्हणून त्या दिवशी कागद लिहिल्यावर मी तो परत एकदा वाचला. डॉक्टर वाचणार होते. जिथं जिथं काना सुटला असेल अशी शंका आली, तिथं तिथं मी काना देऊन टाकला. अक्षर माझं मोकळं, त्यामुळं जागाही होती. सही केली, नातं लिहिलं आणि दोन्ही हातांनी कागद कंपाउंडरला दिला.

तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. चेहरा मघाचा राहिला नव्हता.

“इथं होणार नाही. सरकारीत न्या.”

“का? कागद दिला की!”

“कागद दिला म्हणूनच.” त्यानं माझ्याच कागदाला त्यांच्या दवाखान्याची एक चिठ्ठी टाचली आणि परत दिला. “हे तिकडं दाखवा. आणि बाई, आमचं नाव सांगू नका.”

नाव त्या चिठ्ठीवर ठळक छापलेलं होतं. पण हुज्जत घालायला वेळ कुठं होता? बंकट भावजींनी अयोध्येला उचललं आणि टमटममध्ये ठेवलं.

वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाजाराचा दिवस. रस्त्यात कोंबड्यांच्या पाट्या, कांद्याचे ढीग. भावजी हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

“आक्का,” अयोध्या म्हणाली, “धाकटीला वरचं दूध चालत नाही. उलटी करती.”

“तुझंच पिईल ती. गप पडून राहा.”

“आक्का, ह्यांना सांगू नका.”

“काय सांगू नको?”

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बरळतेय. तिचे हात बर्फासारखे लागत होते. मी ते माझ्या काखेत धरून बसले.

सरकारी दवाखान्यात आम्हाला पहिल्यांदा भेटल्या त्या शमीम सिस्टर. अंगानं भरलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, चालताना चपला फटफट वाजायच्या. त्यांनी कागदबिगद काही मागितला नाही. अयोध्येच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि ओरडल्या, “टेबल मोकळं करा!” तिला पडद्यामागं नेलं. मी मागोमाग. पडदा आखूड होता, त्यामुळं मला कडेनं दिसत होतं.

सिस्टरनी तपासलं. हात जरा वेळ थांबला. मग त्या वाकल्या, अगदी अयोध्येच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटल्या. अयोध्येचा हात हलला. सिस्टरनी तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि परत काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं, दुवा म्हणतायत. मीही मनातल्या मनात आमच्या गावदेवीला हात जोडले. म्हटलं, दोन्हीकडून गाऱ्हाणं गेलेलं बरं.

बाहेर येऊन त्यांनी हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, फार वेळ.

तेवढ्यात डॉक्टर आले. निकाळजे नावाचे, पंचवीस-सव्वीस वर्षांचे. नेमणूक नवी, ॲप्रनच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. मी कागद पुढं केला. त्यांनी आधी चिठ्ठी वाचली, मग माझा कागद. मग माझ्याकडं बघितलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“तुम्ही स्वतः?”

“हो, मीच.” थोडी ऐट होती माझ्या आवाजात, लपवत नाही.

डॉक्टर सिस्टरना म्हणाले, “सलाईन लावा. बाकी काही करू नका. पोलिसांना कळवावं लागेल.”

“साहेब, पिशवीत अडकलंय. पिशवी धुतल्याशिवाय रक्त थांबायचं नाही.”

“मला कळतं ते, सिस्टर. पण गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात काय झालं, माहीत आहे ना? त्या डॉक्टरांनी नुसता दुसरीकडं केलेल्या गर्भपाताचा बिघाड निस्तरला होता. तीन दिवस चौकीत बसवलं त्यांना. माझी नोकरी आठ महिन्यांची आहे.”

“तिचं वय चोवीस वर्षांचं आहे,” सिस्टर म्हणाल्या.

गाडी लावून भावजी आत आले ते नेमके ‘पोलीस’ या शब्दावर. “कशाला पोलीस? काय चोरी केली का आम्ही?”

डॉक्टरांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्यानं वाचलं. “‘माझ्या जावेचे पोट पाडले.’ खाली सही. त्रिवेणी. नातं, थोरली जाऊ.”

मला आधी कळेचना. मी तर ‘पडले’ लिहिलं होतं. मग डॉक्टरांच्या अंगठ्याशेजारी तो दिसला. प आणि ड यांच्या मधोमध, नंतर घुसवलेला, जरा तिरका. माझा काना.

“वैनी?” भावजींचा आवाज बारीक झाला होता, आणि तो माणूस कधी बारीक आवाजात बोलत नसे. “तुम्ही पाडलं? माझं लेकरू? का हिनं पाडायला लावलं?”

“पडलं! भावजी, पडलं म्हणते मी! काना जास्तीचा आहे तो, माझी चूक आहे. लेकरांची शपथ, ती नळावर बसली आणि पडलं!”

“आजवर काना खाणाऱ्या बाईनं आजच बरा जास्तीचा दिला,” भावजी म्हणाले आणि पडद्याकडं निघाले. त्यांचा चेहरा बघून मी आडवी आले. मला त्या क्षणी दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या. आत अयोध्या रक्तानं जाईल. आणि रक्तानं नाही गेली तर हा काना तिला घराबाहेर काढील.

“आण इकडं तो कागद,” शमीम सिस्टर म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कळलं नाही, पण डॉक्टरांनीच दिला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचायला लागल्या.

“‘आज साकाळी घारी पाणी भारताना...’ हा भारत कुठून आला यात?” पुढं वाचलं. “‘माझ्या जावेचे पोट पाडले. राक्त थांबत नाही. डॉक्टर साहेबांनी दाया करावी.’” चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “किती शिकलात, बाई?”

“चौथी.”

“आणि काने द्यायला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही, सिस्टर. माझे सुटतात. सगळे हसतात. म्हणून आज लिहून झाल्यावर मी घातले.”

“घातले नाहीत, बाई. वाटलेत तुम्ही. प्रसादासारखे.”

पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी फिसकन हसली. डॉक्टरांच्या ओठांची कड हलली. सिस्टरनी खिशातून लाल पेन काढलं, कागद भिंतीवर दाबून धरला आणि एकेक काना खोडायला लागल्या. “साकाळी नाही, सकाळी. घारी नाही, घरी. भारताना नाही, भरताना. पाडले नाही, पडले. राक्त नाही, रक्त. दाया नाही, दया. सहा काने जास्त.” पेनाचं टोपण लावलं. “साहेब, सहातले पाच काने चुकले आणि नेमका एकच बरोबर पडला, असं कोणता फौजदार म्हणेल?”

“पण सिस्टर, समजा खरोखरच...”

“साहेब.” त्यांनी आवाज खाली आणला. “काना कागदावर असतो. आत नसतो. आत नुसतं रक्त आहे. पडलं काय, पाडलं काय, ते थांबवायची रीत एकच. का तुम्हाला कॉलेजात दोन शिकवल्या?”

डॉक्टरांची नजर पडद्याकडं गेली.

“मरणाऱ्या बाईला हात लावू नका, असं कायद्यात कुठं लिहिलंय ते मला दाखवा. मी तिथंही हे पेन चालवते.”

“एकच शिकवलीय,” डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे मागितले. पडद्याआड जाता जाता म्हणाले, “पण सिस्टर, काही झालं तर...”

“झालं तर माझं नाव सांगा. माझी सव्वीस वर्षं झालीत नोकरीला. मला काढायला त्यांना आधी माझी फाईल शोधावी लागेल, आणि ती मलाच सापडत नाही.”

मग भावजींकडं वळल्या. “तुम्ही काय नुसते उभे? रागवायला घरी जागा आहे. ही चिठ्ठी घ्या, यावरची गोळी मेडिकलमधून आणा, पळा.”

भावजी पळाले. चार दुकानं फिरून रिकाम्या हातानं आले. घामानं निथळत होते. “नाही म्हणतात. एक जण म्हणला, ते नाव दुकानात घेऊ नका. दुसऱ्यानं मला विचारलं, पोरी किती तुला?”

“ऐकलं का साहेब?” सिस्टर आतूनच ओरडल्या. “बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायलाही हीच गोळी लागते. आता बायांनी बाळंतसुद्धा व्हायचं नाही वाटतं.” आणि मग हाताखालच्या पोरीला म्हणाल्या, “इंजेक्शन घे गं, त्यावर भागवू.”

मी बाहेर बाकावर बसले. भावजी माझ्यापासून दोन हात अंतर सोडून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “वैनी, खरंच पडलं ना?”

“खरंच पडलं.”

“मग मी मघाशी...” पटक्याच्या टोकानं नाक पुसत राहिले.

पाऊण तासानं निकाळजे डॉक्टर बाहेर आले, आमच्याच बाकावर बसले आणि पाणी मागितलं. तांब्या एका दमात रिकामा केला. “थांबलं,” म्हणाले. “रक्त चढवावं लागेल.” दुपारी जिल्ह्याहून दोन बाटल्या आल्या. त्या आणवण्यासाठी शमीम सिस्टरनी फोनवर कुणाकुणाला जो दम भरला, तो ऐकून रांगेतले पेशंट गुपचूप सरळ उभे राहिले.

संध्याकाळच्या आत त्यांनी मला टेबलाशी बोलावलं आणि कोरा कागद पुढं ठेवला. “परत लिहा. मी सांगते तसं. फाईलला हा लागेल.” त्या अक्षर अक्षर सांगत गेल्या. “प. ड. ले. मध्ये काही नाही. बघा, किती सोपं आहे.” जुना कागद घडी करून माझ्या हातात दिला. “हा ठेवा तुमच्याकडं. शुद्धलेखनाला उपयोगी पडेल.”

मला रडू आलं. “सिस्टर, माझ्या चुकीनं ती मेली असती.”

“मेली नाही ना? मग आता शिका. आणि तुमच्या दिराला सांगा, तीन वर्षं तिच्या अंगाला विश्रांती. मी सांगितलं म्हणून सांगा. नाही ऐकलं तर मी येईन गावात, याच चपला घालून.”

भावजींनी ऐकलं. तीन नाही, कायमचंच ऐकलं. पुढच्या वर्षी अयोध्येचं ऑपरेशन झालं ते त्यांनीच टमटममधून नेऊन करवलं. दोन्ही मुली आता त्यांच्या खांद्याला लागल्यात, आणि थोरली नर्सिंगला जायचं म्हणतेय.

माझा काना मात्र घराण्यात अमर झाला. कुठल्याही लग्नात पंगत उठली, पान लागलं, की भावजी सुरू व्हायचे. “आमच्या वैनीला पत्रिका लिहायला देऊ नका हं. एका कान्यात सगळं वऱ्हाड चौकीत नेऊन बसवतील.” माणसं हसून लोळायची. मी हसायची, अयोध्या हसायची. पण दर संक्रांतीला तिच्या हातावर तिळगूळ ठेवताना मी म्हणायचीच, “अयोध्या, माझ्या त्या कान्याचं मनात ठेवू नको गं.” ती म्हणायची, “जाऊ द्या, आक्का.”

मी शिकले. शब्दकोश आणला, वह्याच्या वह्या भरल्या. आता माझं थोडंफार छापूनही येतं. तरी कुठंही ‘पडले’ लिहायची वेळ आली की हात अजून एकदा थांबतो.

नुकत्याच शमीम सिस्टर सेवेतून सुटल्या असं कळलं, म्हणून आम्ही दोघी जावा त्यांच्या घरी गेलो. घरची तूरडाळ आणि एक इरकली साडी घेऊन. बाई वाळल्या होत्या, गुडघ्यांनी दगा दिला होता. खुर्चीवर बसूनच त्यांनी मला ओळखलं.

“या या, काने वाटणाऱ्या बाई! आता बरोबर पडतात का?”

“पडतात, सिस्टर.”

“आणि ही?” अयोध्येला त्यांनी जवळ ओढलं, डोळ्याची खालची पापणी खाली करून बघितली. “रक्त बरं आहे. पालेभाजी खातेस ना?” मग तिचा पंजा हातात घेतला आणि एकेक बोट मिटवून त्याची मूठ केली. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मी मध्ये चहाची बशी धरून बसले होते. मला वाटलं, लाड करतायत.

परतीची एसटी दुपारची, जवळजवळ रिकामी. फाटा मागं पडला तसं मला राहवलं नाही.

“किती मोठ्या मनाची बाई. नाहीतर माझ्या कान्यानं त्या दिवशी तुझा जीव...”

“आक्का, बारा वर्षं झाली, तुम्ही त्या कान्याची माफी मागताय. आता बास करा.”

“कशी बास करू? चूक ती चूक.”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. “तो काना बरोबर होता.”

“कुठला?”

“चौथा.”

मला वाटलं, एसटीच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. तिनं माझ्याकडं तोंड केलं.

“मी तीन खेपा घातल्या होत्या आक्का, तुम्हाला सांगितलं दात दुखतोय म्हणून. आधी एका डॉक्टरीणबाईकडं. त्या म्हणल्या, कायद्यात बसतंय तुझं, पण सध्या वातावरण नाही. दुसरीकडं गेले. पोरी किती, विचारलं. दोन म्हणलं की पेन खाली ठेवलं त्यांनी. आहो, दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. मुलगा का मुलगी, ते देवाला तरी ठावं होतं का? टाके अजून ओढत होते माझे. उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी यायची. मला कुणाला मारायचं नव्हतं आक्का. मला मरायचं नव्हतं, एवढंच.”

“आणि मग?”

“माहेरच्या वाटेवर एक बाई होती. तिनं कागदात बांधून गोळ्या दिल्या. कशा घ्यायच्या, किती घ्यायच्या, तिलाच ठावं नव्हतं. म्हणली, घे देवाचं नाव घेऊन.”

एसटी खड्ड्यातून गेली. दोघींचे खांदे एकमेकींवर आपटले.

“सिस्टरना कळलं होतं?”

“हात लावल्या लावल्या कळलं. खालून ठेवलेली एक गोळी तशीच होती आत, विरघळली नव्हती. कानाशी आल्या आणि म्हणल्या, ‘किती घेतल्या? तोंडानं बोलू नको, बोटं दाखव.’ मी तीन दाखवली. त्यांनी माझी मूठ मिटली. म्हणल्या, ‘मला कळायला पाहिजे होतं, कळलं. आता ही मूठ उघडू नकोस.’”

“मला वाटलं, दुवा म्हणतायत.”

“दुवाच होती की, आक्का.”

मग मी विचारलं, “भावजींना?”

“ह्यांना सांगितलं मी, दोन वर्षांखाली. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणले, ‘तवा कळलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे.’ खरं बोलले. तवापासून बघा, लग्नात तुमच्या कान्याचा विनोद सांगत नाहीत.”

खरंच सांगत नव्हते. मला वाटायचं, म्हातारे व्हायला लागले.

“मला का नाही सांगितलंस गं? मला?”

“तुमच्या हातात पेन असतं, आक्का,” ती म्हणाली आणि हसली. “आता लिहिलं तरी चालंल. नावं तेवढी बदला.”

नावं मी बदलली आहेत.

घरी आल्यावर ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, तो कागद होता. घड्यांवर चिरलेला, शाई तपकिरी झालेली. दाराशी उजेडात धरला. पाच कान्यांवर लाल पेनाची एकेक बारीक रेघ आहे, मास्तरीण बाई मारते तशी. चौथ्या कान्याच्या जागी मात्र पेन इतकं दाबलंय, की कागदाला आरपार भोक पडलंय.

बारा वर्षं मी समजत होते, सिस्टरच्या पेनाचं टोक खराब होतं.